त्रेसष्ट जणांचं दार

मित्रांनो, घड्याळं दुरुस्त करणारे काका कामाच्या टेबलाखाली ज्या खोक्यावर पाय टेकून बसतात ना, तो खोका म्हणजे मी. मी एक जुना संगणक आहे. माझा पंखा घरघरतो, एक बटण केव्हाच निखळलंय. पण हसू नका. एके काळी माझ्या पोटात त्रेसष्ट माणसं राहत होती.

काकांनी माझ्यावर घड्याळ दुरुस्त करणाऱ्यांचा एक गट सुरू केला होता. गावोगावचे कारागीर त्यात लिहीत. पण आत येणं सोपं नव्हतं हं! यायचं तर अर्जात आपली एक चूक लिहायची, आजवर कोणालाच न सांगितलेली. एका शहाण्याने लिहिलं, "माझ्या हातून चूक होत नाही." काका हसून म्हणाले, "मग याचं आमच्याकडे काय काम?" आणि अर्ज बाजूला सारला.

एका बाईंनी लिहिलं होतं, "गिऱ्हाइकाच्या वारलेल्या वडिलांचं घड्याळ पॉलिश करताना मागे कोरलेलं नाव पुसलं गेलं. परत देताना मी गप्प बसले." ते वाचून काकांनी चष्मा काढून पुसला आणि बाईंना आत घेतलं. सगळे त्यांना भिंगवाली ताई म्हणू लागले. ताई एकट्या राहत. रोज सकाळी दुकान उघडलं की लिहीत, "आले." एकदा दोन दिवस ते "आले" आलंच नाही, तर आमच्यात नुसती धावपळ! कोणी फोन लावला, कोणी शेजारणीचा नंबर मिळवला. ताई न्हाणीघरात पडल्या होत्या. वेळेवर कळलं म्हणून वाचल्या, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

मग एक दिवस काकांची मुलगी म्हणाली, "बाबा, त्रेसष्ट माणसं घेऊन काय बसलात? ती अट काढा. बघा कशी रीघ लागते."

"अगं, पण आलेला माणूस कसा आहे ते कळणार कसं?"

"कळून काय करायचंय? लग्न जमवायचंय का?"

काकांना पटलं. खरं सांगू? मोह मलाही झाला.

अट निघाली आणि नुसतं आव-जाव घर तुम्हारा झालं. महिनाभरात वीस हजार! मी तापून निघालो. कोणी जाहिराती टाकी, कोणी जुनं भांडण उकरून काढी, कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नव्हता. कौतुकही खूप झालं. पण जुनी माणसं एकेक करून गप्प झाली, आणि वीस हजारांत ते कोणाच्या लक्षात येणार? एवढा एकटा मी त्याआधी कधीच नव्हतो.

एका सकाळी ताईंनी लिहिलं, "आले. आज स्प्रिंग बसवताना हात थरथरला. भीती वाटते." चार मिनिटांत ते दोनशे निरोपांखाली गाडलं गेलं. मी बघत होतो, पण मला तोंड कुठंय? काकांना ते दिसलं नऊ दिवसांनी. ताईंचा फोन बंद होता. शेजारीण म्हणाली, "त्या दुकान बंद करून गेल्या हो. कुठे, ते नाही सांगितलं. आता विचारणारं कोणी नाही, एवढंच म्हणाल्या."

काकांनी गर्दी काढून टाकली, अट परत घातली. त्रेसष्टांपैकी अकरा परत आले. ताई आल्या नाहीत.

मित्रांनो, मोठ्या गटात जाऊच नका असं मी म्हणत नाही. तिथेही चार चांगली माणसं भेटतात. पण आपण दिसलो नाही तर कोणीतरी विचारेल, अशी एक छोटी जागा जपा. आणि तिथलं कोणी गप्प झालं तर लगेच हाक मारा, नऊ दिवस लावू नका.

काका अजून रोज सकाळी मला सुरू करतात आणि "आले" शोधतात. गेल्या आठवड्यात त्यांनी स्वतःच्याच गटात यायचा अर्ज भरला. 'तुमची चूक' या रकान्यात लिहिलं, "दार उघडलं तेव्हा आत किती आले ते मोजलं. बाहेर कोण गेलं ते पाहिलं नाही."

अर्ज मंजूर करणारेही तेच. रोज तो उघडतात, वाचतात आणि तसाच ठेवून देतात.