डावी मोटर, उजवी मोटर

माझा नवरा आणि माझा भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते, हे आधीच सांगते. पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं. कारण ऐकाल तर हसाल. भावाचं कपडे धुण्याचं मशीन बिघडलं, नवऱ्याने सुट्टीचा अख्खा दिवस घालवून ते दुरुस्त करून दिलं, आणि पुढच्याच आठवड्यात भावाने कंपनीचा माणूस बोलावून तेच मशीन पुन्हा उघडायला लावलं. नवऱ्याचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. मोटरीच्या बाबतीत त्याच्यावर कोणी शंका घेतली की त्याच्या नाकाला मिरच्या झोंबतात. भाऊ घरबसल्या अर्ध्या चड्डीत कॉम्प्युटरवरचे खेळ बनवतो, आणि जगात चूक फक्त दुसऱ्यांची होते अशी त्याची लहानपणापासूनची समजूत आहे. झालं, अबोला सुरू.

अबोला म्हणजे येणंजाणं बंद नव्हे हं. यायचे, समोरासमोर बसायचे, माझ्या हातचा चहा प्यायचे. "तुझ्या भावाला सांग, पाय जरा आत घे म्हणावं." "ताई, भाऊजींना सांग, खोली मोठी आहे." आणि मी सांगायची! हाताच्या अंतरावर बसलेल्या, दोन्ही कान शाबूत असलेल्या माणसाला मी निरोप सांगायची. दोन वर्षं चालला हा तमाशा.

मी टॉवर क्रेन चालवते. चालवायची. बांधकामावर सगळ्यात उंच जी काचेची केबिन दिसते ना, तिथे मी बसायची. शिडीने वर गेलं की खालचं सगळं खाली राहायचं. वर नवरा नाही, भाऊ नाही, कोणाचं कोणाला काही सांगायचं नाही. वॉकी-टॉकीवर फक्त उचल, थांब, डावीकडे घे, उजवीकडे घे. आणि डावी म्हणजे केबिनमध्ये बसलेल्या माणसाची डावी, खाली उभा असलेला कुठेही तोंड करून उभा असो. पहिल्याच दिवशी हे शिकवतात. त्या केबिनवर माझा जीव होता. माणसांवर असतो त्यापेक्षा जरा जास्तच होता, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही.

मग ते वादळ आलं. क्रेन वाऱ्यात डुलतेच, डुललीच पाहिजे, ते मला माहीत होतं. पण त्या दिवशी ती इतकी डुलली की माझे हात कंट्रोलच्या दांड्यांवर गोठले. लोखंडाचा भारा अधांतरी लटकतोय आणि मला बोट हलवता येईना. शेवटी खालून दोघं जण वर आले, त्यांनी भारा उतरवला आणि मला एकेक पायरी धरून खाली आणलं. डॉक्टरांनी कान तपासले, डोळे तपासले, काही सापडलं नाही. साइटचे इंजिनिअर तसे सरळ माणूस. म्हणाले, "पुढचा टॉवर सुरू होईपर्यंत वेळ घ्या. वाऱ्यात बसता येईल अशी तुमची स्वतःची खात्री झाली तर केबिन तुमची. नाही तर खाली सिग्नलचं काम आहेच."

खाली सिग्नलचं काम म्हणजे भडक जाकीट घालून, मान वर करून, दुसऱ्याला डावी-उजवी सांगत बसायचं. पुन्हा निरोप्याच. 

तेव्हा भावाने टूम काढली. "ताई, क्रेनच घरात आणतो तुझ्यासाठी." त्याच्याकडे व्हीआरचा चष्मा होता. तो डोळ्यांवर चढवला की खरोखरच्या केबिनमध्ये बसल्यासारखं दिसेल, आणि खालची खुर्ची मोटरींवर तशीच हलेल, झुकेल, डुलेल. हवा तेवढा वारा लावायचा आणि घाबरायचं थांबेपर्यंत बसायचं. "फक्त एक गोष्ट सांभाळायची," तो म्हणाला. "डोळे आणि बूड यांनी एकच बातमी द्यायला हवी. त्या दोघांचं पटलं नाही की हाल पोटाचे होतात." मला हे लगेच समजलं. त्या घरात पोटाची नोकरी माझ्याकडेच होती.

नवऱ्याने हे ऐकलं आणि त्याचं पित्त खवळलं. "लोखंड आणि मोटरी त्याला काय कळणार? सांग त्याला, प्रोग्राम तू बघ, बाकी मी करतो." मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. वाटलं, माझ्यासाठी तरी दोघं एका कामाला लागले.

मागच्या शेडमध्ये काम सुरू झालं. चौकोनी पाइपांचा पाया, मधोमध एक जाड खांब, खांबाच्या डोक्यावर ट्रकमधून काढलेला सगळीकडे वळणारा सांधा, आणि त्या सांध्यावर भंगारातल्या गाडीची सीट. सीटच्या मागच्या दोन कोपऱ्यांना दोन दांडे, आणि प्रत्येक दांड्याखाली एक मोटर. डावी आणि उजवी. दोन्ही मोटरींनी एकदम वर ढकललं की सीट पुढे वाकते, भारा उचलताना क्रेन वाकते तशी. एक वर, एक खाली झाली की सीट बाजूला कलते, वाऱ्यात कलते तशी. एवढंच यंत्र. दोघं एकमेकांशी बोलले असते तर चार सुट्ट्यांमध्ये झालं असतं. बोलत नव्हते म्हणून त्याच्या तिप्पट लागल्या.

"सांग त्याला, अशी झटके देऊन मोटर फिरवली तर गिअर खाईल."

"भाऊजींना सांग, गिअर खात असेल तर जरा बरा गिअर बसवा."

मी शेडच्या मधोमध उभी, दोघांच्याही तोंडाकडे बघत. माझी क्रेन, माझी भीती, माझी नोकरी, आणि यांचं आपलं चाललंय गिअर कोणाचा बरा.

पहिल्या चाचणीला सीटवर वाळूचं पोतं बांधलं. भाऊ सीटच्या समोर लॅपटॉप घेऊन, नवरा मागे मोटरींपाशी. पुढे वाकणं झकास झालं. मग भावाने वारा लावला. पडद्यावर क्रेन उजवीकडे कलली आणि पोतं कललं डावीकडे. दोघांनीही बघितलं. दोघांच्याही तोंडावर एकच भाव आला, आणि तो काळजीचा नव्हता. दुसरा सापडला याचा आनंद होता तो.

"तुझ्या भावाला सांग, डावा हात कुठला ते अजून कळत नाही त्याला."

"ताई, तारा कोणी जोडल्या ते विचार."

त्या क्षणी माझं डोकं फिरलं. हातातला चहाचा ट्रे मी पोत्यावरच आदळला. "तुमची तोंडं तुमच्यापाशी आहेत, कान तुमच्यापाशी आहेत. आजपासून मी निरोप पोचवणार नाही. मेलात तरी नाही." आणि निघून आले. माझं चुकलं का? मुळीच नाही. दोन बाप्यांनी आपापसात चार शब्द बोलावेत, एवढंच मागितलं होतं मी.

दोन दिवसांनी नवऱ्याला विचारलं, "ते उलटं होतं ते झालं का?" "झालं," तो म्हणाला, मिशीत हसत. भावाला फोनवर विचारलं. "झालं सरळ," तोही म्हणाला, आणि त्याचं हसू मला फोनवरूनही ऐकू आलं. मला वाटलं, चला, बोलले एकदाचे. पुन्हा पोतं बांधून बघायला सांगितलं तर नवरा म्हणाला, "पोतं काय बोलणार आहे? तू बस."

मी बसले. चष्मा चढवला आणि खाली शहर पसरलं. सीटशेजारी लावलेले कंट्रोलचे दांडे हातात घेतले, भारा उचलला, सीट हलकेच पुढे वाकली, अगदी तशीच. घरी आल्यासारखं वाटलं मला. मग वारा सुटला. पहिल्याच झोक्याला पोट घशात आलं. दुसऱ्या झोक्याला मी चष्मा ओरबाडून काढला आणि शेडच्या दारात ओकले.

रोज तेच. मी दात आवळून बसायची, आणि वारा आला की बादली. नवरा बादली धरून उभा असायचा, माझ्या पाठीवरून हात फिरवायचा आणि म्हणायचा, "मशीन चोख आहे. ही तुझी भीती बोलतेय." भाऊ फोनवर म्हणायचा, "ताई, मशीनमध्ये दोष शून्य. डॉक्टरांना कान पुन्हा दाखव." दोघांच्याही मनात शंका आली नसेल? आली असेलच. पण विचारायचं म्हटलं तर दुसऱ्याला विचारावं लागलं असतं, आणि तेवढं कोणाच्याच्याने होईना. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं होतं, तेही माझ्या विरोधात. आणि मी मूर्ख, मी विश्वास ठेवला.

इंजिनिअरांचा फोन आला. टॉवर उभा राहत होता. वर येणार का? वर जाऊन बघू, जमलं तर जमलं, असं क्रेनवर चालत नाही. भाऱ्याखाली माणसं असतात. मी म्हणाले, "नाही जमत, साहेब. दुसरं कोणी बघा." त्यांनी केबिन माझ्याच हाताखाली शिकलेल्या पोरीला दिली. तिने माझ्यासमोर आनंद दाखवला नाही. इतकी गुणाची पोरगी, की तिचा धड रागही करता येईना.

त्याच संध्याकाळी मी पाना घेतला आणि यंत्र उखडायला शेडमध्ये गेले. नवरा मागून आलाच. "अगं, मोटरी तरी सांभाळून काढ." मी सीटखाली वाकले. डाव्या मोटरीच्या वायरला लाल पट्टी होती, उजवीच्या वायरला निळी, आणि मोटरींना हुकूम देणाऱ्या कंट्रोलच्या डब्यावरही तसेच लाल-निळे ठिपके होते. लाल वायर निळ्या ठिपक्यात खोचलेली. निळी लालमध्ये.

"हे असं का?"

नवऱ्याची छाती फुगली. "तुझ्या भावाचं उलटं होतं ना? त्याला कळूही न देता सरळ करून टाकलं मी. अदलाबदल केली वायरींची."

मी तिथेच बसले. फोन काढला, भावाला लावला, आवाज मोठा केला. "ते डावं-उजवं तू कसं सरळ केलंस?"

"साधं होतं गं. भाऊजींनी उलटं जोडलेलं. मी गपचूप प्रोग्राममध्ये अदलाबदल करून टाकली. त्यांना बोललो नाही, म्हटलं उगाच वाईट वाटेल."

 भाऊ सीटसमोर उभा राहून डावी म्हणत होता, नवरा सीटमागे उभा राहून डावी म्हणत होता. उलटं होतं ते एकाने सुलटं केलं, ते दुसऱ्याने पुन्हा उलटं केलं. आणि त्यानंतर मी ज्या ज्या वेळी वाऱ्यात बसले, त्या त्या वेळी डोळे उजवीकडे कलत होते आणि बूड डावीकडे. कुठल्याही धडधाकट माणसाला ओकारी आली असती.

मग एक चमत्कार झाला. माझा नवरा फोनच्या जवळ तोंड नेऊन, थेट, म्हणाला, "अरे, मग मला सांगायचं नाही का?"

"तुम्ही तरी कुठे सांगितलंत, भाऊजी?"

जुंपली. दोन वर्षांचं तुंबलेलं सगळं निघालं, कपडे धुण्याच्या मशीनपासून. मी मात्र लाल वायर लालमध्ये खोचली, निळी निळीत, सीटवर चढले, चष्मा लावला आणि होता नव्हता तेवढा वारा लावला. क्रेन डुलली. मीही डुलले, तिच्याबरोबर, तिच्याच बाजूला. पोट जागच्या जागी. हात दांड्यांवर सैल. वादळात मी भारा उचलला, फिरवला, हव्या त्या जागी टेकवला, पुन्हा उचलला. बाहेर ते दोघं भांडत होते आणि आत मी रडत होते, चष्म्याचा फोम भिजून जाईपर्यंत. मी धड होते. मी पहिल्यापासून धड होते.

सकाळी साइटवर गेले. इंजिनिअरांनी सगळं ऐकून घेतलं. "पण नाही जमत हे तुम्हीच म्हणालात," ते म्हणाले. "घरच्या खुर्चीवर बसून तुम्ही एकदा नाही म्हणता, एकदा हो म्हणता. मी कुठल्या जोरावर वर पाठवू? आणि त्या मुलीला काय कारण सांगून खाली उतरवू?" मी खालच्या सिग्नलच्या कामाला हो म्हणाले आणि भडक जाकीट मागून घेतलं. 

आता त्या दोघांचं गूळपीठ जमलंय. रोज संध्याकाळी शेडमध्ये बसतात, विमान काय उडवतात, बोट काय चालवतात, सीटला तिसरी मोटर लावायचं घाटतंय. "तुझ्या निमित्ताने का होईना, आमचं जुळलं," असं नवरा मला तोंड वर करून म्हणाला. मी दोघांशीही बोलत नाही. परवा सकाळच्या चहाच्या वेळी, मी समोर बसलेली असताना, तो भावाला म्हणाला, "तुझ्या बहिणीला विचार, अजून किती दिवस धरणार आहे राग?" भाऊ माझ्याकडे वळला. "ताई, भाऊजी विचारतायत..." मी कप तसाच ठेवला आणि कामावर निघून आले.

वारा वाढला होता. मी भडक जाकीट चढवलं आणि क्रेनकडे तोंड करून उभी राहिले. वर केबिन माझ्याकडे तोंड करून डुलत होती. भारा नेमका ज्या बाजूला यायला हवा होता, ती माझी उजवी. वॉकी-टॉकीवर पोरीचा आवाज आला, "ताई, कुठे घेऊ?"

मी माझी उजवी मनातल्या मनात पुसली आणि म्हणाले, "तुझ्या डावीकडे घे."