चिखलातून रणगाडा काढणारी गाडी

आमचा धम्मरत्न लहान होता तेव्हाची गोष्ट. तान्ह्या पोळ्याला आर्णीतली सगळी पोरं आपापले लाकडी नंदी सजवून घेऊन आली आणि आमचा पोरगा दोरीनं फौजी जीप ओढत गेला. त्याच्या बाबांनी केलेली. बोनट तेलाच्या डब्याच्या पत्र्याचं, टायर सायकलच्या ट्यूबचे, वरची खाकी ताडपत्री माझ्या मशीनवर शिवलेली. बाया हसल्या.

"सत्यशीलाबाई, तुमच्या नंदीले शिंगं नाही का वो?"

"आमचा नंदी पेट्रोल पेते, बाई. त्याले शिंगं कायले पायजे?" मी म्हटलं.

त्या जीपपासून धम्मरत्नच्या बाबांना हा नाद लागला तो सुटलाच नाही. त्यांचं नाव उकंडा, पण गावात सगळे फौजी म्हणत. फौजेतून आल्यावर ते एका जिनिंगच्या ट्रकवर ड्रायव्हर झाले. सुटीचा दिवस मात्र पत्र्याची कात्री आणि कानस घेऊन मागच्या खोलीत जायचा. पोरगा मोठा होऊन नोकरीला पुण्याला गेला, तरी गाड्या होतच राहिल्या. खाटेच्या उजव्या हाताला भिंतीवर लांब फळी होती. तिच्यावर फौजेचा शक्तिमान ट्रक, पाण्याचा टँकर, अँब्युलन्स आणि बाभळीच्या ठोकळ्यातून कोरलेला एक जडशीळ रणगाडा. फौजेत ते स्वतः जी गाडी चालवत, ती तेवढी त्यांनी केली नव्हती. ती होती फसलेल्या गाड्या ओढून काढणारी. मागं क्रेन, तारेचं रीळ. लढाईत गोळी त्यांनी एकही झाडली नाही, चिखलातून रणगाडे मात्र काढले.

"ती सगळ्यात शेवटी करीन," म्हणायचे. "तिच्यात चूक झालेली मले चालनार नाही."

ती करायला घेतली आणि त्यांना लकवा मारला. उजवा हात गेला. पाय ओढत का होईना चालता येईल, असं डॉक्टर म्हणाले. डाव्या हातानं कामं करा, सवय लावा, असंही म्हणाले. यांनी ऐकून घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

कापसाची ती वाईट सालं होती. जिनिंग बंद पडलेलं. आमच्या भागाचं नाव रोज पेपरात यायचं आणि ते कशामुळे, हे कोणी मोठ्यानं वाचत नसे. घरातला माणूस भिंतीकडे तोंड करून पडला की बाई आधी फवारणीची बाटली लपवायची. आमच्याकडे शेती नव्हती, तरी शेजारी फवारणीचं औषध कुठं ठेवतात ते मला पाठ झालं होतं.

एका सकाळी ते म्हणाले, "फळी रिकामी कर. सगळं गफ्फारले देऊन टाक. पत्रा तरी कामी येईन त्याच्या."

गफ्फारभाई म्हणजे बसस्टँडजवळचे मोटरसायकलचे मिस्त्री, यांचे जुने दोस्त.

"अन् हे अर्धी गाडी?"

"तेही दे."

"अर्धी वस्तू कोनी कोनाले देते का?"

"मंग तूच कर पुरी!" ते चिडून म्हणाले.

"करीन," मी म्हटलं. "पाहाच तुम्ही."

त्यांना ते बोलणं रागातलं वाटलं. मी मात्र ठरवूनच टाकलं होतं. ज्या माणसाला दुसऱ्याचं वाकडं काम डोळ्यांसमोर सहन होत नाही, त्याच्या डोळ्यांसमोर बसून वाकडं काम करायचं. आणि खरं सांगायचं तर सरळ मला येतच कुठं होतं? मी खाटेजवळ चटई टाकली आणि पत्रा कापायला घेतला. आयुष्यभर झंपर शिवलेले. कापड कापताना शिलाईसाठी चारी बाजूंनी थोडं जास्त सोडायचं, हे हाताला पडलेलं वळण. पत्राही मी तसाच सोडला. केबिनच्या भिंती जोडायला गेले तर दरवाजा चाकावर येऊन बसला.

खाट करकरली.

"झंपर शिवून राह्यली का?"

"काहून? काय झालं?"

"पत्र्याले कोनी शिलाई सोडते? ट्रक आहे का बाळंतिनीचा झगा?"

पुन्हा भिंतीकडे तोंड. पण ओळीनं तीन वाक्यं किती दिवसांनी बोलले होते! मी केबिन उसवली आणि पुन्हा कापली. बोटं चिरली, हळद भरली, पुन्हा बसले. चांगली जमेपर्यंत पत्र्याचा केवढा ढीग वाया गेला. तोही गफ्फारभाईंनीच आणून दिला. तारेच्या रिळासाठी मी मशीनची बॉबिन काढली, सायकलच्या स्पोकचा दांडा वाकवून तिला फिरवायला लावला. गफ्फारभाईंनी जुन्या ब्रेकवायरचा पीळ उकलून त्यातली एक बारीक तार दिली.

"भाभी, हे तार मोटरसायकल थांबवते. तुमचा रनगाडा काय चीज आहे!"

गाडी उभी राहिली. केबिन थोडी तिरपी होती, पण क्रेन सरळ होती आणि दांडा फिरवला की तार गुंडाळली जायची. मला वाटलं, झालं.

दारासमोर मोरीचं पाणी जिथं जिरतं तिथली माती काळी, पायाला धरून ठेवणारी. तिथं मी फळीवरचा लाकडी रणगाडा रुतवला. यांची खाट दारात ओढून आणली. ते नको म्हणत होते, पण गफ्फारभाई आणि मी दोघं होतो, त्यांचं कोण ऐकतं? मी रणगाड्याला आकडा लावला आणि दांडा फिरवू लागले.

रणगाडा जागचा हलेना. गाडीच उलटी घसरत त्याच्याकडे निघाली आणि त्याला जाऊन टेकली.

गफ्फारभाई पोट धरून हसले. "वा भाभी! मेहमानले घरी आनाले पाठवली, अन् हे स्वतःच मेहमानी खाले गेली!"

मी गाडी पुन्हा जागेवर ठेवली. चढावर बैलांची बंडी उभी करताना आपण काय करतो? चाकाला दगड लावतो. माहेरी लहानपणी ते कामच माझं होतं. मी मागच्या चाकांना दोन दगड लावले. दांडा फिरवला. गाडी दगडांवर चढली, नाक वर केलं आणि आडवी पडली.

"दगड!" खाटेवरून आवाज आला. "फौज आहे का बंडी?"

"बंडीले लावते तसे लावले."

"अवो, रनगाडा केवढा, गाडी केवढी! दगडानं थांबते का ते?"

"मंग फौजेत काय लावते?"

मी पडलेली गाडी उभी केली.

"सांगा ना."

"सांगून काय होते? करा लागते ते."

"मंग करा."

हे बोलताना माझा आवाज कडक निघाला. गफ्फारभाई हसायचे थांबले. यांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. तो मांडीवर पडला होता, उष्ट्या ताटासारखा. मी डोळे हटवले नाहीत आणि दयाही दाखवली नाही. तेव्हा दाखवली असती तर ते पुन्हा भिंतीकडे वळले असते.

मग त्यांनी डावा हात पुढं केला.

"कात्री दे. जाड पत्रा आन. अन् इकडे येऊन बस."

मी बसले.

"पक्कडीत धर. हलू नोको. सध्या तू बायको नाही, शिकंजा आहे."

डाव्या हातात कात्री उलटी बसत होती. पत्रा सुटायचा, कात्री निसटायची, ते शिवी द्यायचे, मी धरून बसायची. गफ्फारभाई मदतीला पुढं झाले तर त्यांना ओरडा बसला. ऊन ओसरीच्या पायरीवरून उतरून गेलं तेव्हा एक रुंद पातं तयार झालं, वखराच्या लोखंडी पासेसारखं. गाडीच्या मागं ते बिजागरीवर लावायचं आणि खाली सोडून मातीत रोवायचं. मागून जेवढा ताण येईल तेवढं ते खोल शिरतं आणि गाडी जागची हलत नाही. खऱ्या गाडीचं पातं माणसाएवढं असायचं, ते म्हणाले. पाऊस असला की चारचार जण कुदळीनं त्याला जागा करून देत.

पातं मातीत रोवलं. मी दांड्याला हात घातला.

"तू सोड," ते म्हणाले.

गफ्फारभाईंनी आणि मी त्यांना उचलून ओल्या मातीतच बसवलं. त्यांनी डाव्या हातानं दांडा धरला. तार ताणली. गाडी मागं सरकली, पातं मातीत शिरलं आणि गाडी थांबली. रणगाड्याखालची माती चुकचुकली. तो एका अंगानं उचलला, मग दुसऱ्या, आणि चिखल ओढत बाहेर आला.

"शाब्बास फौजी!" गफ्फारभाई ओरडले.

यांनी त्यांच्याकडे लक्षही दिलं नाही. पातं वर करून पाहिलं. ते एका कोपऱ्यात मुडपलं होतं.

"पाह्य, वाकलं. पत्रा आनखी जाड पायजे. अन् हे केबिन तिरपं आहे, ते खोलून पुन्हा करा लागन."

"केबिन मी केलं ते!" मी म्हटलं.

"मनूनच त सांगून राह्यलो."

गफ्फारभाई त्यांना उचलायला वाकले. यांनी त्यांच्या खांद्यावर हात टाकला, उभे राहिले आणि दारातून आत भिंतीकडे पाहत मला म्हणाले, "ते फळी तिथून काढ. तिकडे माहा हात पुरत नाही. डाव्या अंगाले ठोक."

फळी मी त्याच संध्याकाळी ठोकली. दोन खिळे वाकडे गेले. ते त्यांनी उपटायला लावले.