सगळ्यात पुढचं पान

टप्.

पाटीचं कव्हर उघडलं की त्यातलं लोहचुंबक सुटतं आणि एवढासा आवाज होतो. दिवसा तो कुणाला ऐकूही जात नाही. पण पहाटे, सगळं घर गप्प असताना, मला तो ताटली पडल्यासारखा वाटायचा. मी श्वास रोखून टकळीकडे बघायचे. ती कूस बदलायची, पाय भिंतीला लावायची आणि पुन्हा पडून राहायची. मांडीवरचं गठुडं मात्र आपल्या कामात दंग. दूध मिळालं की जग बुडालं तरी त्याची हरकत नसते.

टकळी माझी थोरली, तिसरीतली. हे नाव तिच्या बाबाने ठेवलं, कारण डोळे उघडल्यापासून तिची टकळी चालू असते. गठुडं तिचा भाऊ, अजून रांगतही नाही. आणि पाटी म्हणजे शाळेने दिलेला ई-रीडर. वाचनालयातल्या पुस्तकांची पानं सुटली होती, दप्तरांनी पोरांचे खांदे उतरले होते, म्हणून घरी वाचायची सगळी पुस्तकं यंदा या एका करड्या चौकोनात भरून आली.

"पाटीच की ही," नवरा उलटसुलट करून म्हणाला, "फक्त थुंकी लावून पुसायची नाही." तेव्हापासून ती पाटी.

पूर्वी आम्ही दोघी मिळून वाचायचो. एक पान तिचं, एक माझं. मग गठुडं आलं. ते जरा मान धरतंय म्हणेपर्यंत मी शर्टांच्या कारखान्यात काज-बटणाच्या मशीनवर परत गेले. संध्याकाळी डोळे मिटले तरी काजंच दिसायची, एकाखाली एक. माझ्या पानावर मला हमखास डुलकी लागायची. "आई, राजा तलवार उपसून कधीचा उभाय," असं म्हणत टकळी मला ढोसायची. पाटी आली तेव्हा मला हायसं वाटलं. अक्षर मोठं करता येत होतं, अडलेल्या शब्दावर बोट ठेवलं की अर्थ दिसत होता. मी म्हणाले, "आता तू मोठी झालीस. तुझं तू वाच."

ती काही बोलली नाही. टकळी काही बोलली नाही, हेच खरं तर मी ऐकायला हवं होतं.

नवरा रात्रपाळीला असतो. पहाटे बाळाला पाजायची वेळ, एवढाच काय तो माझा वेळ. तोही एका हाताचा. एकदा पाटी चार्जिंगला लावायची राहिली होती म्हणून उचलली आणि उगाच उघडली. एक नावाडी होता, त्याची एक हट्टी शेळी होती. शेळी पलीकडच्या काठावर राहून गेली आणि नदी चढायला लागली. मी अंगठ्याने पान उलटलं. मग आणखी एक. किती दिवसांनी कुणीतरी माझ्याकडे काही मागत नव्हतं, नुसतं सांगत होतं.

मग रोजचंच झालं. गठुडं ढेकर देऊन खांद्यावर झोपलं की मी पानं मागे मागे नेत टकळीच्या जागेवर आणून ठेवायचे, अगदी इमानेइतबारे. टप्. कव्हर बंद. मग कणीक, डबे, आंघोळीचं पाणी.

टकळीचं वाचन म्हणजे गोगलगाय. एक पान वाचायचं, मग मागे जाऊन तेच पुन्हा वाचायचं. "आई, नावाडी नदीत असतो तेव्हा शेळीचं दूध कोण काढतं?" असले प्रश्न. वर्गाच्या भिंतीवर कागदाची शिडी आहे. जो जितकं वाचेल तितकी त्याच्या नावाची चिठ्ठी वर चढते. आमची चिठ्ठी तळाच्या पायरीवर बसून होती.

एके दिवशी मी तिला सोडायला गेले, तर तिच्या बाई फाटकापाशी आल्या.

"अहो, थांबा जरा! तुमच्या लेकीने कमालच केली. पुस्तक संपवलंन् की! आणि तेही पहाटे उठून."

"पहाटे?"

"मला दिसतं ना इथे सगळं." त्यांनी फोन पुढे केला. टकळीच्या नावापुढे हिरवी पट्टी भरली होती. "पाटी आपोआप कळवते. सगळ्यात पुढचं पान कुठलं, किती वाजता उघडलं. मुलं मागे-पुढे करतात, ते ती धरत नाही."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण कडेवर गठुडं, खांद्याला दोन पिशव्या, पाळणाघर गाठून मग कामावर पोचायचं. आणि बाईंच्या चेहऱ्यावर माझ्या पोरीबद्दलचं ते कौतुक मी पहिल्यांदाच बघत होते.

"हो का," एवढंच म्हणाले. उद्या सांगू. दमलेल्या माणसाचं सगळं उद्यावरच असतं.

त्या संध्याकाळी टकळी उड्या मारतच आली. "आई, मी शिडीवर वरून दुसरी! शुक्रवारी मी पहिलीच्या पोरांना पूर्ण गोष्ट सांगणार!" मग जरा थांबून म्हणाली, "पण मी तर शेळी राहून गेली तिथेच आहे."

"हात-पाय धू आधी," मी म्हणाले.

पहाटे मी पाटीला हात लावणं सोडलं. म्हटलं, शुक्रवारपर्यंत ती गाठेल शेवट, मग सांगायची गरजच नाही. "वाच गं, वाच भराभर," म्हणून मी तिच्या मागे लागले. मी घाई करायची आणि ती आणखी मागे जायची.

शुक्रवारी ती आली ती उंबऱ्यातच बसली. बूट पायात, दप्तर पाठीवर. बाबा कामावर निघायच्या तयारीत होता.

"काय टकळीबाई, आज बॅटरी संपली वाटतं?"

"बाबा, माझ्या डोक्याला भोक आहे."

"बघू बघू. अरे हो की! तरीच एवढी बडबड बाहेर सांडते."

ती हसली नाही. सांगायला लागली. ती उभी राहिली, शेळीपर्यंत छान सांगितलं. मग काहीच येईना. पहिलीची पोरं ओरडायला लागली, पुढे काय, पुढे काय. बाई म्हणाल्या, आठव, बाळ, तू वाचलंयस.

"मी म्हटलं, नाही वाचलं. तर बाईंनी फोनवर दाखवलं. सगळं हिरवं होतं. त्या म्हणाल्या, पाटी चुकत नाही. म्हणजे मी वाचलं आणि विसरले. सगळं विसरले, आई. शेळीला विसरले. उद्या गठुड्यालापण विसरेन."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. हळूच म्हणाला, "हिला डॉक्टरांना दाखवायचं का?"

आता उद्या उरलाच नव्हता. मी गठुडं त्याच्या हातात दिलं आणि तिच्यासमोर फरशीवर बसले. तिचा एक बूट काढला. काहीतरी हातात धरायला हवं होतं.

"तुझ्या डोक्याला काही झालेलं नाही. पुढचं सगळं मी वाचलंय. पहाटे, बाळाला घेऊन. पाटीला काय कळणार अंगठा कुणाचा? तिला वाटलं तूच."

नवऱ्याला फस्सकन हसू आलं, आणि माझा चेहरा बघून ते त्याने गठुड्याच्या टाळूवर दाबलं.

टकळीने डोळे पुसले. माझा चेहरा तपासल्यासारखा बघितला.

"मी काहीच विसरले नाही?"

"काही नाही. तू वाचलंच नाहीस तर विसरशील कशी?"

"शेळी सापडते?"

"सापडते, म्हणजे काय होतं, तो नावाडी..."

"सांगू नकोस!" तिने दोन्ही कान झाकले. मग हळूच सोडले. "ते टप् वाजायचं, ते तू होतीस?"

"तुला ऐकू यायचं?"

"मला वाटायचं स्वप्नात वाजतं."

"सोमवारी मी येते आणि बाईंना सांगते," मी म्हणाले. "चिठ्ठी खाली येईल गं तुझी."

"येऊ दे." शिडीचं तिला काही पडलेलंच दिसत नव्हतं. दुसरा बूट तिने स्वतःच काढला, दोन्ही नीट जोडून ठेवले आणि माझ्या मांडीवर डोकं टेकलं. आता ती मोठी आहे, मांडीत मावत नाही. पाय उंबऱ्याबाहेर गेले. माझे डोळे तेवढ्यातही मिटायला लागले होते. तिने खालून माझी हनुवटी धरून हलवली. चिडून नाही. नावाड्याच्या शेळीचं विचारायची, तसंच.

"आई, माझ्याबरोबर वाचताना तुला झोप येते ना? मग एकटीने वाचताना कशी नाही येत?"