दोनशेबाई

“तुझ्या मशीनचे डोळे फुटलेत का गं?” मायक्रोस्कोपवरून मान वर न करता दोनशेबाईंनी मला विचारलं.

मला रागच आला. रक्त तपासायचं ते मशीन मी लेकरासारखं जपत होते. मिनिटाला एक रिपोर्ट, तोही छापील! त्या सकाळी एका बस ड्रायव्हरच्या रिपोर्टवर इओसिनोफिल तीन टक्के आले होते. शंभर पांढऱ्या पेशींत या पेशी एक ते सहा असल्या की सगळं आलबेल, म्हणून मी डोळे झाकून सही ठोकली होती.

दोनशेबाई हे आम्हीच ठेवलेलं नाव. स्लाइडवर सगळे शंभर पेशी मोजतात, बाई दोनशे मोजत. मशीन आल्यावर आम्ही शंभरही मोजेनासे झालो. बाई मात्र मशीनने पास केलेल्या दहा स्लाइड रोज स्वतः मोजत. जित्याची खोड, म्हणून आम्ही हसायचो. त्यांच्या निवृत्तीला महिना उरला होता आणि त्यांचं मायक्रोस्कोपचं टेबल कोठीखोलीत हलवायचं ठरलं होतं.

“बघ तूच,” म्हणत त्या स्टुलावरून उठल्या.

मी डोळा लावला. नारिंगी-गुलाबी दाणे ही इओसिनोफिलची ओळख. इथे ते फारच विरळ होते, काही पेशींत तर चार-दोनच. पण आतलं जांभळं केंद्रक बहुतेकींत दोन भागांचं, चष्म्याच्या काचांसारखं होतं. आमचं मशीन दाण्यांवरून पेशी ओळखायचं. दाणे दिसले नाहीत की ती पेशी भलत्याच गटात ढकलून मोकळं व्हायचं.

“दोनशेत किती निघाल्या, बाई?”

“ब्याऐंशी. म्हणजे टक्के एक्केचाळीस.”

मी दाराकडे पाहिलं. बाहेर बाकावर ड्रायव्हर बायकोबरोबर बसला होता. पाच महिने खोकला, छातीत शिट्ट्या. दम्याची औषधं घेऊन थकला होता. बारा वाजता वरच्या मजल्यावर डॉक्टरांचं मंडळ त्याला कायमचं गाडीवरून उतरवणार होतं.

“ताई, घरात बसले तर हे खंगून जातील हो,” आम्ही बाहेर येताच त्याची बायको म्हणाली.

ड्रायव्हर खोकला आवरत म्हणाला, “बावीस वर्षांत स्टॉप सोडून एकदाही गाडी थांबवली नाही मी. आता मलाच अधेमधे उतरवतायत.”

“अजून कोणी उतरवलेलं नाही,” बाई म्हणाल्या आणि स्लाइड रुमालात गुंडाळून जिना चढू लागल्या. मी मागे. गुडघे त्यांचे दुखत होते, धाप मला लागली होती.

मंडळावरच्या मोठ्या डॉक्टरांनी दोन्ही आकडे पाहिले. “मशीनमध्ये तीन आणि तुमच्या डोळ्यांना एक्केचाळीस? बाई, रिटायर होताय ना?”

“मी होतेय, डोळे नाही होत. स्लाइड आणलीय. तुम्हीच मोजा.”

“रिपोर्टवर सही माझी आहे, डॉक्टर,” मी म्हणाले. “चूक माझी.” कान तापले होते, पण बोलून टाकल्यावर बरं वाटलं.

डॉक्टरांनी तिथल्याच मायक्रोस्कोपवर मोजलं. दोनशेच मोजलं. एकोणऐंशी निघाल्या. त्यांनी चष्मा पुसला आणि मंडळाच्या कागदावरचा निर्णय खोडून ‘पुढील तपासणी’ असं लिहिलं. मला तिथेच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

खाली आल्यावर ड्रायव्हरने विचारलं, “बाई, हे वाढलं म्हणजे मी गेलोच का?”

“छे हो! हे रक्तातले पहारेकरी. अ‍ॅलर्जी झाली, कृमी शिरले की गर्दी करतात. आकडा म्हणजे रोग नव्हे. घरात कोणीतरी घुसलंय एवढंच तो सांगतो. कोण ते आता डॉक्टर शोधतील.”

शोधलं त्यांनी. डासांमधून अंगात गेलेले बारीक कृमी निघाले. तीन आठवडे गोळ्या घेतल्या आणि गडी खोकल्याशिवाय तीन मजले चढून लॅबमध्ये आला. आल्या आल्या म्हणाला, “दाखवा बघू माझे पहारेकरी!” बाईंनी त्याला स्टुलावर बसवून ताजी स्लाइड दाखवली. दोनशेत सोळा, म्हणजे आठ टक्के; गर्दी ओसरली होती. मंडळानेही त्याला पुन्हा गाडीवर बसवलं.

बाईंचं टेबल कोठीखोलीत गेलं नाही. रोजच्या दहा स्लाइड आता मी मोजते. शंभरावर थांबायला हात धजत नाही.

बाईंच्या शेवटच्या दिवशी मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले. बस स्टॉप पुढे शंभर पावलांवर. तेवढ्यात हॉर्न वाजला आणि भरलेली बस फाटकासमोरच उभी राहिली.

“अहो, इथे कुठे स्टॉप आहे?” आतून कोणीतरी ओरडलं.

“आज आहे,” ड्रायव्हर म्हणाला.

बाई सावकाश चढल्या. कोणीतरी उठून जागा दिली. त्या नीट बसेपर्यंत गाडी जागची हलली नाही.