सासूबाईंच्या हातातली वायर

घरातला कॉम्प्युटर म्हातारा, आणि त्याचं पथ्य कडक. चालू असताना मागची कुठलीही वायर काढायची नाही, खोचायची तर मुळीच नाही. नवऱ्याने ते एकदा मोडलं होतं. चालू मशीनला प्रिंटर जोडायला गेला, आतून बारीकसं टक्‌ झालं आणि ती जागा कायमची निकामी झाली. तेव्हापासून घरची सून त्या पेटीला डोळ्यांत तेल घालून जपायची; तिचं पुस्तकांची पानं लावायचं काम त्यावरच चालायचं. लेक रांगायला लागल्यावर तर जास्तच.

आज मुलांच्या गोष्टींचं पुस्तक छापखान्याला पाठवायचं होतं. बाळंतपणानंतरचं तिचं पहिलंच काम. सगळी पानं जुळवून झाली, आता सेव्ह करायचं, तेवढ्यात स्वयंपाकघरात दूध वर आलं. ती गॅस बंद करून आली तर लेक टेबलाखाली कीबोर्डची वायर उपटून तिचं टोक चघळत होती. सासूबाईंनी ते तिच्या तोंडातून काढलं आणि लाळेने ओलं तसंच मागे खोचायला त्या वाकल्या.

"आई, लावू नका. आहात तशाच थांबा."

सासूबाई जागच्या जागी थिजल्या. आत टक्‌ झालं असतं तर सगळं पुस्तक गेलं असतं, आणि पुढची कामंही. नशिबाने माउस शाबूत होता. तिने सेव्हवर क्लिक केलं. मशीनने नाव विचारलं. टाइप करायला काही नव्हतंच, म्हणून त्याने सुचवलेलं 'बिननावाचं' तिने निमूट मान्य केलं. मग मशीन बंद करायला घेतलं. ते आपल्या चालीने, रेंगाळत बंद होऊ लागलं. लेक वाकलेल्या आजीच्या खालून बोगद्यातून जावं तशी ये-जा करत होती.

"झालं का गं? त्याच्या आधी माझी कंबर बंद पडेल."

पडदा काळा झाला. तिने टोक पदराने कोरडं करून जागेवर बसवलं, मशीन सुरू केलं. 'बिननावाचं' जागेवर होतं, एकही पान न हरवता. तिला इतकं हसू आलं की लेकही टाळ्या पिटायला लागली.

पुस्तक वेळेत पोचलं. संध्याकाळी नवरा नवा कीबोर्ड घेऊन आला आणि थेट टेबलामागे वाकला. सासूबाईंनी बसल्या जागेवरून विचारलं, बंद केलास का आधी?

"आई, तुला काय कळतं त्यातलं?"

"माझ्या कंबरेला विचार," सासूबाई म्हणाल्या.

त्याने उठून मशीन बंद केलं.