ग्रीक वाचणाऱ्या गोदावरीची खुर्ची

महादेवाने खाडीकाठी मीठ पिकवले. त्याच्या मुलाने, हिराजीने, ते पडावात भरून बंदरोबंदरी विकले. हिराजीच्या बळीरामाने मला पनवेलच्या बाजारातून डोक्यावर घेऊन घरी आणले. आणि बळीरामाची लेक गोदावरी माझ्यावर बसून ग्रीक तत्त्वज्ञान शिकली. मित्रांनो, मी तिची जुनी वेताची आरामखुर्ची आहे. ताठ बसा आणि ऐका.

माझे हात रुंद आहेत. उजव्यावर शब्दकोश, डाव्यावर मूळ ग्रंथ आणि मांडीवर फळी घेऊन ती लिही. तिची शिस्त कडक होती. प्रत्येक ग्रीक वाक्य आधी घरच्या आगरी बोलीत मोठ्याने म्हणायचे. तेथे अर्थ उभा राहिला नाही, तर आपल्यालाच तो कळला नाही असे समजून लिहिलेले खोडायचे. असे तिचे जाड ग्रंथ झाले. अथेन्सचा एक तत्त्वज्ञ लोकांना प्रश्न विचारी आणि ‘मला काही ठाऊक नाही’ म्हणे. ते त्याचे सोंग नव्हते, त्याला खरोखरच ठाऊक नव्हते, असे तिने मांडले. परदेशातले विद्वान आधी हसले, मग भांडले. आज तिचे नाव घेतल्यावाचून ते या विषयावर लिहीत नाहीत.

तरी तिला एक सल होता. दामले सरांनी तिला ही भाषा काही न घेता शिकवली. “दक्षिणा नको,” ते म्हणाले होते, “एकाला तरी या मूळ ग्रंथाच्या अखेरच्या पानापर्यंत ने. मग माझं ऋण फिटलं.” विद्यार्थी येत गेले. कोणी न्हावा शेव्याला नोकरीस लागले, कोणी संसारात गुंतले. अखेरचे पान कोणीच पाहिले नाही. सर गेले. गोदावरीची दृष्टी मंदावली, माझा वेत उसवला. दोघीही थकलो.

मग परदेशातून तिला सन्मान मिळाला आणि तिच्या भाच्याला, भावेशला, उत्साह आला. “आत्या, नाक्यावर तुजा बॅनर लावलाय, बग तरी!” बॅनरवर छापले होते, ‘प्राचीन विद्येच्या थोर जाणकार’. झाले! दुसऱ्या दिवसापासून लोक पत्रिका घेऊन दारात.

“बाय, आमचे पोरीचा लग्नाचा योग कवा हाय?” शेजारच्या कमळाबाईंनी विचारले.

“ते मला येत नाही. पण लग्न झालं म्हणजे ती सुखी होईल, हे कशावरून?”

“आता बोला! मी आले उत्तराला, न तू मनाच इचारतेस!”

त्याच गर्दीत कामोठ्याची रंजिता आली. ती शिकवण्या घेई. मंगळ आहे म्हणून तिचे स्थळ मोडले होते. गोदावरीने विचारले, “मंगळामुळे तू वाईट? वाईट म्हणजे काय, सांग.” रंजिता तो प्रश्न घेऊन परतली. दुसऱ्या दिवशी आली ती पत्रिकेविना. “बाई, रात्रभर उत्तर सापडलं नाही. असे प्रश्न ज्या भाषेत आहेत, ती मला शिकवा.”

गोदावरीने अक्षरांपासून आरंभ केला. ग्रंथातली अक्षरे तिला पुसट दिसू लागली, तेव्हा रंजिता वाची आणि ती ऐके. अखेरच्या पानापर्यंत श्वास साथ देईल का, एवढीच तिला चिंता. भावेशने मला भंगारात द्यायचे ठरवले, तेव्हा ती कडाडली, “आधी मला दे!” माझा वेत पुन्हा विणला गेला.

मित्रांनो, उसवलेले विणता येते, विणणारा शोधा. घरात शिकवणारे म्हातारे माणूस असेल, तर त्याच्याजवळ वेळेवर जाऊन बसा. ते दमते, पण वाट पाहते.

परवा दुपारी रंजिता अखेरच्या पानावर आली आणि थांबली.

“बाई, रागावू नका. तुमचं म्हणणं इथे टिकत नाही. इथे तो तत्त्वज्ञ ठाऊक नसल्याचं सोंगच करतोय.”

गोदावरी सावरून बसली. “सिद्ध कर.”

रंजिताने ओळी ग्रीकमध्ये वाचल्या, शब्दन् शब्द सोडवून दाखवला. गोदावरी आक्षेप घेत राहिली. मुलगी हटली नाही. अखेर गोदावरीचे सगळे आक्षेप संपले. तिने माझ्या पाठीला पाठ टेकली आणि हात जोडले.

“दामले सर, मी हरले. तुमचं ऋण आज पुरतं फिटलं.”