चांगोच्या शेजारची जागा

डोळखांबच्या जनाबाईला फोटोत चांगलं दिसायचं होतं, तेही साठीला टेकल्यावर. अठ्ठ्याण्णव साल होतं. गावाने हसायचं तेवढं हसून घेतलं. पण तिचं कारण माजघराच्या भिंतीवर टांगलेलं होतं.

नवरा चांगो जाऊन पाच वर्षं झाली होती. त्याचा एकच फोटो सापडला, म्हसा गावच्या जत्रेतला. बैलाच्या व्यापाऱ्याशी हुज्जत घालताना कुणीतरी काढलेला. तोंड उघडं, भुवया चढलेल्या, बोट रोखलेलं. मुलाने, जगदीशने, तोच मोठा करून हार घातला. चांगो आयुष्यात जेमतेम दोनदा ओरडला असेल, आणि त्यातलं एकदा नेमकं फोटोत यावं! चार वर्षांची नात रविना आजाला फक्त भिंतीवरच ओळखायची. माजघरातून जाताना डोळ्यांवर हात घेऊन पळायची. जनाबाईच्या जिवाला ते फार लागायचं. उद्या आपणही असेच भिंतीवर गेलो, तर ही पोर आपल्यालाही भिऊन पळणार.

म्हणून तिने शहापूरचा स्टुडिओ गाठला. तो जया नावाची बाई चालवायची. फोटो काढताना जनाबाईने एक्स-रेला रोखतात तसा श्वास रोखला. आठवड्याने फोटो धुऊन आला, त्यात पोलीस चौकीत तक्रार द्यायला आलेली बाई दिसत होती. रोल संपल्याशिवाय धुवायला जात नसे, त्यामुळे शिकवणीही आठवड्याला एकच. दुसऱ्या खेपेला जयाने हसायला सांगितलं, तर दाढ दुखत असल्यासारखी दिसली. घरी स्टीलच्या ताटात तोंड बघून सराव चालला. सून म्हणाली, आता पुरे.

तिसऱ्या खेपेला जयाने आधी विचारलं, हा फोटो लावणार कुठे. जनाबाईने सगळं सांगितलं. चांगोच्या शेजारी, तो ज्या बाजूला बोट रोखून ओरडतोय त्याच बाजूला.

"मग माझ्याकडं कशाला बघता?" जया म्हणाली. "ते ओरडतात ना? त्यांच्याकडं बघा."

जनाबाईने मान वळवली. समोर एक रिकामं स्टूल होतं. पण तिला ती जत्रा आठवली. व्यापारी म्हणे बैल गरीब आहे, चांगो म्हणे तू खोटारडा आहेस. आणि एवढं भांडून शेवटी त्याने तोच बैल घरी आणला. पहिल्याच चिखलणीला त्या बैलाने चांगोला खाचरात लोळवलं होतं. जनाबाईला हसू आवरेना. जयाने बटण दाबलं.

फोटो आला तेव्हा जगदीश कां कू करू लागला. जित्या माणसाचा फोटो मयताशेजारी लावत नाहीत, म्हणाला.

"तू हार घालू नको, म्हंजे झालं," जनाबाई म्हणाली, आणि खिळा तिने स्वतःच ठोकला.

संध्याकाळी रविना डोळ्यांवर हात घेऊन माजघरात शिरली आणि बोटांच्या फटीतून बघत थांबली. आजा तसाच ओरडत होता. पण शेजारी आजी त्याच्याकडे बघून खदखदून हसत होती. पोरीने हात खाली घेतले. कितीतरी वेळ ती एकदा ह्याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिली. मग चुलीपुढे जाऊन तिने आजीचा पदर ओढला.

"आजी, आजा काय बोलला गो तुला?"

चांगो गेल्यापासून त्याच्याबद्दल असं कुणी विचारलंच नव्हतं. जनाबाईने तवा उतरवला, नातीला मांडीवर घेतलं आणि बैलापासून सुरुवात केली.